उलटं चिकटलं नाही ना

प्लास्टिकला ताप सोसत नाही.
दीडशे अंशांच्या पुढे ते आखडतं,
तव्यावर पडलेल्या पिशवीसारखं.
आणि ट्रान्झिस्टरला तर भट्टीच हवी,
तीनशे, साडेतीनशे.
म्हणून सगळं आधी काचेवर करायचं,
काच मुकाट सोसते,
आणि मग काचेवरून उचलून
प्लास्टिकवर ठेवायचं.

माझ्या प्रबंधात हे एका ओळीत आलंय.
त्या ओळीला चौदा महिने लागले.

काच आणि ट्रान्झिस्टर यांच्या मधे
एक पातळ थर असतो,
विरघळून जाण्यासाठीच लावलेला.
उथळ काचपात्रात पाणी, पाण्यात तो नमुना,
आणि आपण बसून राहायचं.
बाहेर बडोद्याचा मे महिना, बेचाळीस,
आत एसी सतरावर.
हेतल स्वेटर घालून वर्तमानपत्रातलं शब्दकोडं सोडवते.

दीड-दोन तासांनी एक कोपरा सुटतो.
मग दुधावरची साय निघावी तसा
अख्खा पापुद्रा पाण्यावर तरंगतो,
केसाच्या शंभराव्या हिश्श्याइतका जाड,
त्यावर चौसष्ट ट्रान्झिस्टर, आठ-आठच्या रांगा.
मोठा श्वास सोडला तरी घडी पडते.

पहिला फाटला.
दुसरा स्वतःभोवतीच गुंडाळला गेला.
तिसऱ्याच्या वेळी रमणभाईंनी दार आपटलं.
चौथा मात्र सुरेख बसला,
एक बुडबुडा नाही, एक सुरकुती नाही,
आणि चौसष्टांतला एकही चालला नाही.

रात्री जेवताना भाऊंनी विचारलं, काय झालं.
मी सांगितलं, सांगायचं म्हणून.
भाऊंचं दुकान रावपुऱ्यात, टॉवरच्या मागच्या गल्लीत,
शिलाई मशीन दुरुस्ती, पंचेचाळीस वर्षं.
जुन्या मशीनला काळा रंग मारून झाला
की ते सोनेरी वेलीचा कागद काढत,
ताटलीतल्या पाण्यात भिजत ठेवत,
आणि अंगठ्याने वेल सरकवत मशीनच्या मानेवर.
कागद खालून निघून यायचा. वेल राहायची.
लहानपणी मला तो अंगठाच जादूचा वाटायचा.

भाऊ ताकाचा घोट घेऊन म्हणाले,
"उलटं चिकटलं नाही ना?
सोनं वरती पाहिजे. बराबर बघ."
(त्या 'बराबर'ला पुण्याची मावशी हसते.
तीन पिढ्या इथे काढल्या,
काही अक्षरं इथल्या पाण्यात सुटली,
काही चिकटली.)

मी म्हटलं, भाऊ, हे वेगळं असतं.

सकाळी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं.
कोपऱ्यातला खुणेचा चार
आरशात दिसावा तसा.
मी प्लास्टिक वरून दाबून पापुद्रा उचलत होते,
सगळी टोकं पालथी, खाली तोंड करून,
आणि आमच्या सुया चौदा महिने शिकलेल्या हातांनी
पाठीवर टोचत होत्या.
हेतल इतकी हसली की स्वेटर काढला.

पाचव्याला प्लास्टिक पाण्यात खालून नेलं,
तिरकं, हळू,
पाणी एका कडेने उतरू दिलं.
थेंब थेंब.
अंगठा न लावता, पण अंगठ्यासारखं.

मग वाकवून बघायचं होतं.
ठरलेल्या मापाचा दांडा मागवला तर तीन आठवडे.
मी दुकानातून दोऱ्याचं रिकामं रीळ आणलं,
भाऊंनी फडक्याने पुसून दिलेलं,
त्यावर नमुना गुंडाळला, चिकटपट्टी लावली,
आणि सुया टेकवल्या.
पडद्यावर रेघ चढली. खाली आली. पुन्हा चढली.
एकावन्न चालले.
बाकी तेरांचं काय, ते अजून माहीत नाही.

रीळ आठवडाभर तिथेच राहिलं, नमुन्यासकट.
भाऊंचा फोन आला, मोजमापाच्या ऐन मधे.
अभिनंदन वगैरे नाही.
"ते रीळ परत आण हो," म्हणाले,
"लाकडाचं आहे.
आता सगळी प्लास्टिकचीच येतात."